केस बिघडले, आता काय करावे?

आमच्या शेजारची एक मुलगी. लग्न महिन्यावर आलेले. केस कुरळे, म्हणून ती तालुक्याच्या पार्लरात गेली. पैसे मोजून केस सरळ करून घेतले. पंधरा दिवसांत केस झाडूसारखे राठ झाले. फणी लावली की तुटत.

"पुन्हा एकदा औषध लावून घेते," ती म्हणाली.

आम्ही म्हटले, "बाई, थांब!"

असे का होते? केसाच्या आत फार बारीक सांधे असतात. त्यांच्यामुळे केस कुरळा किंवा सरळ राहतो. पार्लरातले औषध हे सांधे तोडते. औषध फार कडक असले किंवा जास्त वेळ राहिले, तर केसच कमजोर होतो.

कातडी जिवंत असते, म्हणून जखम भरते. डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो. तो पुन्हा बरा होत नाही. तेलाने मऊ होतो, एवढेच. पण मूळ शाबूत असले, तर नवा केस येतो. तो महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो.

म्हणून अशा केसांना पुन्हा औषध लावू नये. गरम यंत्र फिरवू नये. तुटकी टोके कापावी. मोठ्या दातांची फणी वापरावी. डोक्याला फोड आले, किंवा केस मुळासकट गळू लागले, तर डॉक्टरांकडे जावे.

पावती जपून ठेवावी. पैसे घेऊन काम बिघडवले, तर ग्राहकाला दाद मागता येते. त्यासाठी १९१५ या नंबरावर फोन करावा.

त्या मुलीने टोके कापली. लग्नात अंबाडा घातला, वर गजरा माळला. आता मुळाशी नवे केस दिसतात. ते कुरळेच आहेत, पण मजबूत आहेत.