स्लॅबच्या पोटात काय आहे?

मे 2021 मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या आत दोन जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसे दगावली. त्यानंतर स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय ऐरणीवर आला. ऑडिटला आलेला इंजिनिअर रिबाउंड हॅमरने काँक्रीटचा टणकपणा तपासतो, ध्वनिलहरी आरपार पाठवतो, कोअर कापून प्रयोगशाळेत नेतो. बांधताना काय ओतले, सळई किती जाडीची टाकली, याचा कागद अनेक जुन्या सोसायट्यांच्या कपाटात नसतो, म्हणून ही यातायात.

आता पुनर्विकासात उभ्या राहणाऱ्या इमारतींबाबत हे टाळता येईल. त्यासाठीचे साधन म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजेच बीआयएम. विक्री कार्यालयातल्या पडद्यावर फिरणारे देखणे चित्र म्हणजे बीआयएम नव्हे. त्या चित्रातल्या कॉलमवर क्लिक केल्यावर त्याची मापे, काँक्रीटची ग्रेड, सळयांचा तपशील दिसला, तरच ते मॉडेल. नाहीतर ती रंगीत जाहिरात.

सुरुवात सॉफ्टवेअरपासून नव्हे, मागणीपासून होते. कोणती माहिती, कोणत्या टप्प्यावर, कोणी भरायची हे मालकाने आधी लिहून द्यायचे. आयएसओ 19650 या मानकाचा गाभा हाच आहे. दरवाजाच्या कडीचा नमुना नकाशाच्या टप्प्यावर कोणालाच नको असतो. कॉलमचे माप मात्र तेव्हाच पक्के लागते. सगळे सुरुवातीलाच भरायला गेले की मॉडेल जड होते आणि अर्धी माहिती अंदाजपंचे भरली जाते.

मग आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि प्लंबिंग-विजेचे काम पाहणारे यांची मॉडेल एकमेकांवर ठेवून टकरी शोधतात. ड्रेनेजचा पाइप बीममधून जातोय हे संगणकावर कळले तर रेघ सरकवायची. स्लॅब भरल्यावर कळले तर ब्रेकर लागतो आणि कधीकधी सळईही कापली जाते. संगणक अशा शेकडो टकरी दाखवतो, त्यातल्या बऱ्याच किरकोळ असतात. महत्त्वाच्या वेगळ्या काढून प्रत्येकीवर जबाबदार माणूस आणि तारीख टाकली नाही, तर ती यादी नुसती पडून राहते.

खरी कमाई परिमाणांत आहे. धरा, फ्लॅटचा स्लॅब 60 चौरस मीटरचा आहे. जाडी 125 मिलिमीटर असेल तर काँक्रीट 7.5 घनमीटर, 150 केली तर 9. सात मजले, मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे फरक 42 घनमीटर, सहा घनमीटरच्या मिक्सरच्या सात गाड्या. नीट बांधलेल्या मॉडेलमध्ये जाडी बदलताच हा आकडा आपोआप बदलतो. पण बीम आणि स्लॅब जिथे मिळतात तिथले काँक्रीट दोनदा मोजले जात नाही ना, हे एकदा हाताने पडताळावेच.

उल्हास नदीकाठच्या बदलापुरात आणखी एक आकडा मॉडेलमध्ये हवा, तो पुराचा. जुलै 2005 आणि जुलै 2019 मध्ये इथे पाणी शिरले होते. 2019 ला तर महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकली होती. जमिनीची पातळी आणि पूररेषा मॉडेलमध्ये बसवली की मीटर रूम, पंप आणि लिफ्टची यंत्रणा पाण्याच्या वर आहे का, हे पाया खोदण्याआधी दिसते.

मोठ्या कामांना बीआयएम नवे नाही. नागपूर मेट्रोसाठी महामेट्रोने वेळ आणि खर्च जोडलेले पाच मितींचे बीआयएम वापरले. आपल्याकडच्या सात मजली इमारतीला एवढा थाट नको. साइट इंजिनिअरने स्लॅब भरल्यावर तारीख, रेडिमिक्सचे चलन आणि काँक्रीटच्या क्यूबच्या चाचणीचा निकाल त्या-त्या स्लॅबला जोडला, तरी पुष्कळ झाले. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. साइटवर बदल होतो, मुकादमाला तोंडी सांगितला जातो आणि मॉडेल जुनेच राहते. असे मॉडेल, मॉडेलच नसण्यापेक्षा घातक, कारण त्यावर विश्वास ठेवला जातो.

ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो विनामूल्य दुरुस्त करणे रेरा कायद्याने विकासकावर बंधनकारक आहे. दोष कुठे आणि कशामुळे, हे दाखवायला नोंदी लागतात. म्हणून विकास करारातच कलम घाला: प्रत्यक्ष बांधले तसे अद्ययावत मॉडेल, मूळ फाइलसह आणि वेगवेगळ्या बीआयएम सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या आयएफसी स्वरूपात, चाचणी अहवालांसह सोसायटीला द्यावे, आणि ते मिळेपर्यंत ठरावीक रक्कम अनामत राहावी. हे करारावर सही करण्यापूर्वी मागा.