टोचन लावण्याआधी: गटाची जुनी बोलेरो आणि बंद पडलेली दुसऱ्याची गाडी

मैत्रिणींनो, हळद, पापड, भाजीपाला बाजारात न्यायला काही गटांनी मिळून जुनी बोलेरो घेतली आहे. गाडी दारात उभी असली की गावातून निरोप येतोच, "ताई, आमचा छोटा हत्ती नाल्याजवळ बंद पडलाय, जरा टोचन लावून गॅरेजपर्यंत ओढा की." नाही म्हणणं जड जातं. पण गाडी सगळ्यांच्या पैशाची आहे, कर्जाचा हप्ताही चालू आहे. म्हणून हो म्हणण्याआधी एवढं वाचाच.

पहिली गोष्ट वजनाची. आपली बोलेरो साधारण दीड टनाच्या आसपास. रिकामा छोटा हत्ती टनाच्या आत असतो, पण माल भरला की तो आपल्याच वजनाला येतो. ओढायला इंजिन पुरेल हो, थांबवायचं कुणी? मागच्या गाडीचं इंजिन बंद असतं, त्यामुळे तिच्या ब्रेकला मदत करणारा बूस्टर काम करत नाही. दोन-तीनदा पेडल दाबलं की ते दगडासारखं घट्ट होतं. पॉवर स्टिअरिंगही जड होतं. म्हणून आधी माल उतरवा. ओढायची गाडी आपल्यापेक्षा जड असेल तर सरळ नाही म्हणा. घाटातला उतार असेल तर हलकी असली तरी नाही म्हणा. जुन्या गाडीचा क्लच आणि ब्रेक कसे आहेत ते तुम्हालाच ठाऊक. आधीच घसरणारा क्लच असेल तर तो तिथेच जळायचा आणि त्याचा खर्च गटाच्या डोक्यावर बसायचा.

कायदा काय म्हणतो? रस्त्याच्या नियमांनुसार बंद पडलेली गाडी ओढता येते, पण जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पंपापर्यंत. तालुके ओलांडून नाही. मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर त्या गाडीचं लायसन असलेला माणूसच हवा. "पोरगं नुसतं धरून बसेल" हे चालत नाही. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको. दोर लांबून दिसेल असा हवा, त्याला लाल फडकं बांधा. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्यावर काळ्या इंग्रजी अक्षरांत 'ऑन टो' असं लिहिलेलं लागतं, अक्षरं निदान ७५ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच उंच. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू याला छान चालते. वेग ताशी २० किलोमीटरच्या वर नेऊच नका. नियमातली मर्यादाही याच्या फार वर नाही.

आता विम्याचं, कारण इथेच गट फसतो. विमा पॉलिसीत सहसा एकच बंद गाडी ओढायची मुभा असते, आणि तीही भाडं न घेता. "डिझेलचे आणि वर दोनशे द्या" म्हटलं की ते भाडं झालं. पुढे अपघात झाला तर कंपनी त्याच मुद्द्यावर हात वर करू शकते. शिवाय ओढलेल्या गाडीचं नुकसान आपल्या विम्यातून मिळत नाही. म्हणून पॉलिसीचा कागद बैठकीत एकदा मोठ्याने वाचून घ्या, आणि ओढण्याचे पैसे घेऊ नका. ट्रॉली जोडणं हा वेगळा विषय; तिची स्वतंत्र नोंदणी लागते.

दोर कुठे बांधायचा? कंपनीने दिलेल्या हुकलाच. बोलेरोला तो मजबूत चासीवर असतो. छोट्या कारला मात्र हुक बंपरमागे आट्यांत बसवावा लागतो. तो डिकीत जॅकजवळ सापडतो. काहींचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी बघा. बंपर, एक्सल, स्टिअरिंगचा रॉड यांना दोर कधीच नाही. साखळी आणि तारेचा दोर झटका देतात. नायलॉनचा रुंद पट्टा बरा. पण तोही तुटला तर चाबकासारखा उलटा येतो. मधोमध जाडसर ओलं गोणपाट टाका, आणि बघ्यांना, विशेषतः पोरांना, दोराच्या रेषेतून लांब हाकला. खरं सांगायचं तर याच एका कामात आपल्याकडे सगळ्यात जास्त हयगय होते.

मागच्या गाडीची चावी चालू स्थितीत ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. आत फक्त ड्रायव्हर. बाकी सगळ्या बायाबापड्या खाली उतरा. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडीची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका, गिअर नाहीतर मोटर जाते. तिला क्रेनच लागते. मोटारसायकल तर ओढायचीच नाही.

पुढचीने पहिल्या गिअरमध्ये हळूहळू दोराचा ढिलेपणा काढायचा आणि मगच निघायचं. मागच्याने हलका ब्रेक दाबत दोर ताणलेला ठेवायचा. थांबायचं असेल तर एक हॉर्न की दोन, ते निघायच्या आधीच ठरवा. चारही इंडिकेटर लावले असतील तर वळताना हात दाखवा. जळका वास आला किंवा तापमानाचा काटा चढला तर बाजूला थांबा.

रात्री किंवा पावसात बोलावणं आलं, तर सकाळी येते म्हणा. गाडी राष्ट्रीय महामार्गावर अडकली असेल तर आधी १०३३ ला फोन लावायला सांगा. तो मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो.