गावचे गाणे, गावची कॅसेट

वॉशिंग्टन राज्याची राजधानी ऑलिम्पिया तशी आटोपशीरच. तिथल्या एव्हरग्रीन महाविद्यालयाच्या 'केएओएस' रेडिओने मात्र एक हट्ट धरला. वाजणारे ८० टक्के संगीत छोट्या, स्वतंत्र कंपन्यांचेच हवे! याच केंद्रावर केल्विन जॉन्सन कार्यक्रम करीत असे. गावातल्या 'सुप्रीम कूल बीइंग्ज' या बँडचे त्या कार्यक्रमात झालेले गाणे-वाजवणे त्याने कॅसेटवर उतरवले आणि १९८२ साली 'के रेकॉर्ड्‌स' जन्माला आली. बड्या कंपनीची पायरी चढणे नाही, कुणाची शिफारस नाही. पुढे जगभर गाजलेल्या कर्ट कोबेनने हातावर याच 'के'चे चिन्ह गोंदवून घेतले होते. आपल्याही गल्लीत कुणीतरी गात असतेच. त्याच्यापुढे माईक धरणारे कुणी हवे, एवढेच.