लोकर कातरणाऱ्या तरुणी



जून-जुलैत क्युरपीप-वाक्वाकडे थंडी पडली की आपण कपाटातले स्वेटर बाहेर काढतो. १९७० साली निर्यात क्षेत्राचा कायदा झाला आणि पुढे आपल्या बेटावर लोकरी कपड्यांचे कारखाने उभे राहिले. आपल्या कितीतरी आया, मावश्या व बहिणी तेथे कामाला गेल्या. लोकर मात्र परदेशातून येई. ती मेंढीच्या अंगावरून कोण उतरवते, हा विचार आपण क्वचितच करतो.

महाराष्ट्रात हे काम धनगर समाज पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. तेथे मेंढ्या कातरतात ते बहुधा पुरुष आणि त्या लोकरीचे सूत काढतात त्या स्त्रिया. त्या सुतापासून घोंगडी तयार होते. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्येही मेंढ्या कातरणे हे पुरुषांचेच काम समजले जाई. आता मात्र तेथे तरुण मुलीही हातात कातरयंत्र घेऊन उभ्या राहतात.

हे काम ताकदीचे आहे असे आपल्याला वाटते. मोठी मेंढी साठ-सत्तर किलोंची असू शकते. पण जाणते कारागीर तिच्याशी झटापट करीत नाहीत. तिला बुडावर बसवून पाठीमागून गुडघ्यांत धरतात. नीट बसवलेली मेंढी फारशी धडपडत नाही. आधी पोटाची लोकर काढायची, मग पाय, मान, पाठ, असा क्रम ठरलेला असतो. प्रत्येक वेळी पाय कोठे ठेवायचा हेही ठरलेले असते. कातडी ताणून धरली तर जखम होत नाही आणि लोकर एकसंध उतरते. न्यूझीलंडच्या गॉडफ्री बोवेन यांनी ही पद्धत जगभर पोहोचवली.

ही विद्या शिकवण्याची सोयही आहे. १९५० साली स्थापन झालेली ‘ब्रिटिश वूल’ ही शेतकऱ्यांची संस्था नवशिक्यांसाठी वर्ग चालवते आणि कौशल्याच्या पायरीप्रमाणे प्रमाणपत्रे देते. परीक्षेत पाहतात ते हाताचे काम.

या धंद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मजुरी मेंढीमागे मिळते. हंगाम मुख्यतः मे ते जुलैचा असतो. पाऊस आला तर काम थांबते, कारण भिजलेली मेंढी कातरत नाहीत. दिवसभर वाकून कंबर धरते. म्हणून पुष्कळजण आपला हंगाम संपल्यावर न्यूझीलंडला जातात, कारण तेथील ऋतू उलटे असतात. लोकरीला भावही नाही. २०२० साली तो इतका घसरला की काही शेतकऱ्यांनी लोकर विकण्याऐवजी जाळून टाकली. तरी कातरणी चुकत नाही. अंगावर लोकर राहिली तर उन्हाळ्यात मेंढीला उष्मा होतो आणि माश्यांनी अंडी घातली की किडे पडतात.

आता एका तरुणीची गोष्ट. केंट परगण्यातील मेरी प्रेबल हिने २५ ऑगस्ट २०२२ रोजी कॉर्नवॉलमधील एका शेतावर ९ तासांत ३७० मेंढ्या कातरल्या. म्हणजे एका मेंढीला दीड मिनिटही लागले नाही! पहिली पाळी दोन तासांची आणि नंतरच्या चार पाळ्या प्रत्येकी पावणेदोन तासांच्या. मध्ये फक्त जेवण व विश्रांती. वेगाबरोबर काम स्वच्छ झाले की नाही हेही पंच तपासत होते. तो त्या वेळी स्त्रियांचा जागतिक विक्रम ठरला. पुढे तो मोडला गेला. विक्रम मोडण्यासाठीच असतात. पण एक स्त्री हे करू शकते का, हा प्रश्न त्या दिवसानंतर कोणी विचारू नये.

हे सारे लिहिण्याचे कारण माझ्या वर्गातले आहे. ‘मी मोठेपणी कोण होणार’ या निबंधात एका मुलीने मोटारी दुरुस्त करण्याचे स्वप्न लिहिले. मुले हसली. तिने वही मिटली. त्या दिवशी तिला चार शब्द सांगायला मला सुचले नाही. आज सांगावेसे वाटते की, मुली, ताकद कमी पडेल याची भीती बाळगू नकोस. पाय कोठे ठेवायचा हे कोणाकडून तरी नीट शिकून घे.

आणि पालकहो, शिकवणारा मिळाला तर मुलीला अडवू नका, एवढीच विनंती.