मांगा आणि ॲनिमे : काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

जपानमध्ये नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या आणि पुढे खंडरूपाने संकलित केल्या जाणाऱ्या चित्रकथेला मांगा म्हणतात, तर तिथल्या ॲनिमेशनपटांना आणि ॲनिमेशन मालिकांना ॲनिमे. ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ हिंदीतून पाहत वाढलेली महाराष्ट्रातील पिढी आज ‘नारुतो’ आणि ‘वन पीस’पर्यंत पोहोचली असली, तरी या दोन्ही प्रकारांविषयीचे जुने समज फारसे बदललेले नाहीत. मूळ कथा कोणत्या नियतकालिकात, कोणत्या वयाच्या वाचकासाठी आणि किती दिवसांच्या अंतराने छापली जात होती, इकडे दुर्लक्ष झाल्यानेच यांपैकी बहुतेक समज निर्माण झाले आहेत.

मांगा ही मुलांसाठीच असते, हा यांतील सर्वांत रुजलेला समज. प्रत्यक्षात जपानी प्रकाशक आपली नियतकालिके वाचकवर्गानुसार वेगळी काढतात : किशोरवयीन मुलांसाठीची ‘शोनेन’, मुलींसाठीची ‘शोजो’, प्रौढ पुरुषांसाठीची ‘सेइनेन’ आणि प्रौढ स्त्रियांसाठीची ‘जोसेइ’. योशितो उसुई यांची ‘क्रेयॉन शिनचॅन’ १९९० मध्ये ‘वीकली मांगा ॲक्शन’ या प्रौढांच्या साप्ताहिकात सुरू झाली होती. पाच वर्षांच्या पोराच्या तोंडची आगाऊ आणि अनेकदा अश्लीलतेकडे झुकणारी वाक्ये ही मुळात थकूनभागून घरी परतणाऱ्या आईबापांना हसवण्यासाठी लिहिलेली होती. हीच कथा ॲनिमेच्या रूपाने मुलांच्या वाहिनीवर आल्यावर भारतातील पालकांनी तक्रारी केल्या, त्यात नवल नव्हते. याउलट, मुलांच्या नियतकालिकातले साहित्य हलकेफुलकेच असते असेही नाही. हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा सहा वर्षांचे असलेल्या केइजी नाकाझावा यांनी त्या संहाराची कथा सांगणारी ‘बेअरफूट गेन’ १९७३ मध्ये ‘वीकली शोनेन जंप’ या मुलांच्याच साप्ताहिकातून लिहायला घेतली. म्हणजे ‘शोनेन’ हा शब्द कथा कोणापुढे ठेवली आहे एवढेच सांगतो. ती किती सौम्य आहे, याची हमी त्यात नसते.

‘डोरेमॉन’च्या शेवटाविषयीची अफवा तर आंतरजालावर वर्षानुवर्षे फिरते आहे. नोबिता हा प्रत्यक्षात बेशुद्धावस्थेत पडलेला आजारी मुलगा असून भविष्यातून आलेला यांत्रिक बोका डोरेमॉन हे त्याचे स्वप्न आहे, असा लेखकाने कथेचा ‘खरा’ शेवट केल्याचे त्यात सांगितले जाते. असे कोणतेही प्रकरण फुजिको एफ. फुजिओ यांनी लिहिलेले नाही. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा कथेला अंतिम शेवट नव्हताच. मात्र निरोपाची प्रकरणे त्यांनी लिहिली होती आणि त्यांचे कारण नियतकालिकांच्या रचनेत दडलेले आहे. ‘डोरेमॉन’ची सुरुवात १९७० च्या जानेवारी अंकांपासून शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या सहा बालमासिकांत एकाच वेळी झाली. यांतील शालेय मासिके इयत्तावार होती, त्यामुळे प्रत्येक इयत्तेच्या वाचकासाठी लेखक वेगळी गोष्ट रचत असे, आणि जपानी शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने मार्चचा अंक हा त्या इयत्तेच्या मुलांचा निरोपाचा अंक असे. १९७४ च्या मार्चमध्ये तिसरीच्या मासिकात आलेल्या अशा प्रकरणात डोरेमॉनला भविष्यकाळात परत जावे लागणार असते. आपल्यावाचून नोबिताचे कसे होईल, ही चिंता त्याला सोडत नाही, म्हणून नोबिता रात्री मोकळ्या मैदानात दांडगट जियानशी एकटाच भिडतो, मार खातो, पडतो, पुन्हा उठतो आणि अखेर जियानच कंटाळून माघार घेतो. सकाळी डोरेमॉन निघून गेलेला असतो. पण पुढच्याच महिन्यात, चौथीच्या मासिकात, तो परत आला. डोरेमॉनचा शेवट म्हणून जे काही आहे ते अशा निरोपाच्या प्रकरणांपुरतेच, आणि कोणत्याही अफवेपेक्षा ते कितीतरी हृदयस्पर्शी आहे.

ॲनिमे म्हणजे मांगाची हलती प्रत, हा समज साप्ताहिकाचे गणित मांडले की टिकत नाही. साप्ताहिक मांगाचे एक प्रकरण साधारण १९ पानांचे असते, तर ॲनिमेच्या सुमारे २२ ते २४ मिनिटांच्या एका भागात अनेकदा दोन-तीन प्रकरणे संपतात. दोन्ही आठवड्याला एक या वेगाने चालली, तर ॲनिमे मांगाला गाठणारच. अशा वेळी निर्माते प्रसंग लांबवतात किंवा मूळ कथेत नसलेले भाग घालतात, ज्यांना ‘फिलर’ म्हटले जाते. ‘ड्रॅगन बॉल झेड’मध्ये ग्रह पाच मिनिटांत फुटणार असे खलनायक फ्रीझा सांगतो आणि ती पाच मिनिटे अनेक भाग पुरतात, ती याच कारणाने; त्यामुळे मूळ लेखक अकिरा तोरियामा यांना त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे आहे. दुसरा मार्ग ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ने स्वीकारला. हिरोमु आराकावा यांची ही मांगा २००१ ते २०१० या काळात मासिकातून चालू होती आणि २००३ चे ॲनिमे तिच्या फार आधी संपणार होते, म्हणून त्यात कथेचा उत्तरार्ध स्वतंत्रपणे रचला गेला. मूळ कथेला धरून जाणारी दुसरी मालिका २००९ मध्ये आली. मूळ मांगा ज्या संथ, विचारी गतीने उलगडते ती दुसऱ्या मालिकेच्या घाईच्या सुरुवातीत हरवते आणि पहिल्या मालिकेत सापडते, त्यामुळे दुसरीच तेवढी ‘खरी’ असे मानणे उचित नाही.

प्रत्येक ॲनिमेमागे मांगा असतेच, असेही नाही. ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ १९९५ मध्ये दूरचित्रवाणीसाठी स्वतंत्रपणे रचले गेले आणि त्याच नावाची मांगा त्या प्रकल्पातूनच निघाली. भारतात नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर गुलजार यांच्या शीर्षकगीतासह दिसणारा मोगली हाही निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये किपलिंग यांच्या कथांवरून तयार केलेला ॲनिमेच होता. त्यामुळे ॲनिमे भारतात अलीकडेच आले, असे म्हणणाऱ्या अनेकांनी ते लहानपणीच पाहिलेले असते.

मांगाकार पुरुषच असतात, या समजाला तर कधीच आधार नव्हता. हिरोमु हे पुरुषी वाटणारे टोपणनाव घेणाऱ्या आराकावा स्त्री आहेत. १९७८ पासून मुलांच्या साप्ताहिकात लिहिणाऱ्या रुमिको ताकाहाशी स्त्री आहेत. आणि १९६९ पासून आजही दूरचित्रवाणीवर चालू असलेल्या ‘साझाए-सान’ची मूळ मांगा माचिको हासेगावा या स्त्रीनेच १९४६ मध्ये सुरू केली होती. पात्रांचे टपोरे डोळे युरोपीय दिसण्यासाठी काढले जातात, हेही चूक : त्यांच्यामागे युद्धपूर्व जपानी मुलींच्या मासिकांतील चित्रांची परंपरा आणि मांगाकार ओसामु तेझुका यांच्यावर असलेला डिस्नेच्या चित्रपटांचा प्रभाव आहे, आणि मोठ्या डोळ्यांत भावना ठळक दाखवता येतात, हे त्यामागचे व्यावहारिक कारण आहे.

पालकांनी मुलांसाठी एखादी मालिका निवडताना तिची मूळ मांगा कोणत्या वाचकांच्या नियतकालिकात आली होती हे आधी पाहावे आणि त्यानंतर निदान एक प्रकरण स्वतः वाचावे. मांगा वाचायला नव्याने सुरुवात करणाऱ्या मराठी वाचकाने तेझुका यांची प्राचीन भारतात घडणारी, १९७२ ते १९८३ या काळात लिहिलेली ‘बुद्ध’ ही मांगा अवश्य हाती घ्यावी. तिचे इंग्रजी भाषांतर भारतातही प्रसिद्ध झाले आहे.