बाळंतपणाची तारीख भिंतीवर लिहा



गावोगाव हिंडताना कोणाच्याही घरी गेलो तरी गोठ्यात डोकावल्याशिवाय मला राहवत नाही. पुष्कळ ठिकाणी गोठ्याच्या भिंतीवर खडूने नाहीतर कोळशाने एक तारीख लिहिलेली दिसते. म्हैस अमुक दिवशी भरवली, म्हणजे तिथून सुमारे ३१० दिवसांनी व्यायची. त्या हिशेबाने ती आटवायची कधी, खुराक वाढवायचा कधी, रात्री गोठ्यात निजायचे कोणी, सारे ठरलेले असते. मग मी सहज विचारतो, "सूनबाईंना कितवा महिना?" मालक आत बघतात. आतून उत्तर येते, "सातवा असंल, नाहीतर आठवा."

जनावराची आणि माणसाची बरोबरी करावी म्हणून हे लिहीत नाही. तारीख धरून तयारी करण्याची सवय आपल्या हाडात आहे, ती गोठ्यातून घरात आणायची, एवढेच सांगणे आहे.

मी शेती खात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. तरीही या विषयावर लिहायला बसलो, कारण माझ्या हातून एकदा चूक झाली आहे. आमच्या पहिल्या मुलीच्या वेळी सौभाग्यवतीला रात्री कळा सुरू झाल्या. गाडी सांगून ठेवलेली नव्हती, पैसे घरात नव्हते, कोणत्या दवाखान्यात जायचे तेही ठरले नव्हते. पोहोचेपर्यंत पहाट झाली. तिथे कोणीतरी माझ्यापुढे एक कागद धरला आणि मी न वाचता सही केली. ऑपरेशन झाले, मुलगी झाली, दोघी सुखरूप. मला वाटले, सगळे नीट पार पडले.

त्या गोष्टीला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मध्यंतरी तीच मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा सौभाग्यवती मला म्हणाली, "ऑपरेशन झालं त्याचं काही नाही हो. पण काय चाललंय ते मला कोणी सांगितलंच नाही. तुम्ही बाहेर सही केलीत, मी आत एकटी. मला वाटलं, आता मी काही वाचत नाही."

इतकी वर्षे ती हे मनात घेऊन होती आणि मला पत्ता नव्हता. म्हणून मुलीच्या वेळी आम्ही काय काय शिकलो आणि केले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

तारीख काढा

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरा. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. समजा पाळी १ जूनला आली असेल, तर अंदाजे तारीख पुढच्या ८ मार्चची. त्याच दिवशी बाळ येईल असे नाही. दोन आठवडे अलीकडे-पलीकडे होऊ शकते. पण ३७ आठवडे भरण्याआधी कळा आल्या तर ते दिवसांआधीचे बाळंतपण समजावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा.

पाळी चुकताच आशाताईंकडे नाहीतर उपकेंद्राच्या नर्सबाईंकडे नाव नोंदवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून चालू आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे, ती चांगलीच आहे. मात्र मुलगी माहेरी येताना कार्ड, सोनोग्राफीचे कागद, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक बरोबर आणावे, आणि आल्याबरोबर इथल्या आशाताईंना कळवावे. पहिल्या अपत्याच्या वेळी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, त्यालाही हे कागद लागतात.

रक्त आधी तयार करा

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी समजतात, आणि ७ च्या खाली असेल तर ती मोठ्या जोखमीची बाब असते. बाळंतपणात थोडा रक्तस्राव होतोच. ज्या बाईच्या अंगात मुळात रक्त नाही, तिला तोही सोसत नाही.

लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस घ्यायच्या असतात. चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्याव्यात. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. गोळीने शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. "बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल" म्हणून सुनेला कमी वाढण्याची पद्धत अजून काही घरी आहे, ती सोडा. डाळ, पालेभाजी, अंडी, दूध पोटभर द्या.

शेत आणि गोठा जपून

माझ्या खात्याची म्हणून दोन गोष्टी आवर्जून सांगतो. पहिली औषधाची. गरोदर बाईने फवारणी करू नये, औषध कालवू नये, फवारलेल्या पिकात त्याच दिवशी जाऊ नये आणि फवारणीचे कपडेही धुऊ नयेत. ते ज्याने फवारले त्यानेच धुवावेत.

दुसरी गोठ्याची. एखादी गाय किंवा म्हैस गाभडली, तर ते टाकलेले वासरू, जार आणि तिथली घाण गरोदर बाईने मुळीच काढू नये. जनावरांतल्या सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेल्लोसिसचा, रोग माणसाला लागतो आणि त्याने गरोदर बाईचाही गर्भ पडू शकतो. दूध नेहमी उकळूनच प्यावे.

डोहाळजेवणाच्या दिवशी एक काम

सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरायला दोन्हीकडची माणसे जमतात. त्याच दिवशी अर्धा तास बसा आणि पुढील गोष्टी कागदावर लिहा.

१. बाळंतपण कोणत्या दवाखान्यात? तिथे रात्री डॉक्टर असतात का? ऑपरेशनची आणि रक्ताची सोय आहे का?
२. तिथून पुढे पाठवले तर कुठे जायचे?
३. गाडी कोणाची? १०२ आणि १०८ हे क्रमांक सगळ्यांना पाठ आहेत का? पावसाळ्यात ओढ्याला पूर आला तर वाट कोणती?
४. रक्त द्यायला तयार असणारे दोघे कोण?
५. सोबत कोण जाणार, आणि घरी मुलांजवळ व गोठ्यात कोण राहणार?
६. घरचा कर्ता माणूस नसेल तर निर्णय कोण घेणार?

हा सहावा प्रश्न सर्वांत मोठा. जाणकार तीन उशीर सांगतात. दवाखान्यात जायचे ठरवायला उशीर, तिथे पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. यातला पहिला उशीर आपल्या घरात होतो. "मालक बाजाराला गेलेत, येऊ देत" म्हणत बसलेल्या घरावर काय प्रसंग येतो, ते तुम्ही ऐकले असेल. बाई स्वतः "मला चला घेऊन" म्हणाली की निघायचे, दुसऱ्या कोणाच्या हुकमाची वाट पाहायची नाही, एवढे त्या दिवशी सर्वांसमक्ष ठरवून टाका.

पैशाची धास्ती असेल तर ध्यानात ठेवा. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, ऑपरेशन, औषधे, रक्त, तिथले जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी हे सारे मोफत आहे.

कळा ओळखा

भीती बहुधा अज्ञानाची असते. पहिलटकरणीला आधी समजावून सांगितले तर निम्मी भीती तिथेच जाते. खोट्या कळा अधूनमधून येतात, चालले किंवा कुशीवर पडले की ओसरतात. खऱ्या कळा ठरावीक वेळाने येतात, त्यांच्यातले अंतर कमी होत जाते आणि जोर वाढत जातो. पाच-पाच मिनिटांनी कळ येऊन मिनिटभर टिकू लागली की निघायचे. गाव लांब असेल तर त्याही आधी. पाणमोट फुटली तर कळा नसल्या तरी निघायचे.

पहिल्या खेपेला बारा-बारा तास लागू शकतात, म्हणून "अजून कसं झालं नाही?" असे तिला घडीघडी विचारू नका. कळांच्या काळात उताणे पडून राहण्याची सक्ती नाही. हिंडावे, उकिडवे बसावे, कोणाच्या तरी गळ्यात हात टाकून वाकावे, कुशीवर पडावे, जसे तिला बरे वाटेल तसे. कळ आली की लांब श्वास सोडावा. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाणी, पेज, सरबत घोट-घोट द्यावे.

जवळच्या माणसाचा धीर हेही औषधच आहे. प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण जवळ ठेवण्यास केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यांत मान्यता दिली आहे. नाव नोंदवतानाच त्याबद्दल विचारा.

एक इशारा देतो. लवकर सुटका व्हावी म्हणून घरी कोणाकडून तरी "कळांचे इंजेक्शन" टोचून घेऊ नका. म्हशीला पान्हा सोडायला चोरून जे ऑक्सिटोसिन टोचतात, तेच हे. दवाखान्यात, मोजून-मापून आणि बाळाचे ठोके तपासत दिले तर ते उपयोगी आहे. घरी दिले तर गर्भपिशवी फाटण्याचे भय असते.

विचारायला लाजू नका

नवीन बियाण्याची पिशवी घेताना तुम्ही दुकानदाराला दहा प्रश्न विचारता. मग दवाखान्यात तोंडाला कुलूप का? ऑपरेशन, इंजेक्शन किंवा टाके असे काही सुचवले की चार प्रश्न नम्रपणे विचारा. हे कशासाठी? याचा फायदा-तोटा काय? दुसरा काही मार्ग आहे का? थोडे थांबले तर चालेल का? उत्तर बाईला समजेल अशा भाषेत मागा, आणि सही करण्याआधी कागद तिला वाचून दाखवा.

ऑपरेशन वाईट असते असे नव्हे. बाळ आडवे असेल, वार तोंडाशी असेल, ठोके बिघडले असतील, वाट अडली असेल, तर ते दोन जीव वाचवते. अशा वेळी "नॉर्मलच पाहिजे" असा हट्ट धरू नये. आणि ऑपरेशन झालेल्या सुनेला "हिला जमलं नाही" असे तर चुकूनही म्हणू नये.

या खुणा दिसल्या तर क्षणभरही थांबू नका

अंगावरून रक्त जाणे, खूप डोके दुखणे आणि डोळ्यांपुढे अंधारी येणे, हाता-तोंडावर सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल कमी होणे, अंगावरून हिरवट पाणी जाणे आणि बाळंतपणानंतर कपड्यांमागून कपडे भिजतील असा रक्तस्राव.

बाळ आल्यावर

वासराला पहिल्या तासात चीक पाजला पाहिजे, हे मी तुम्हाला किती सभांतून सांगितले आणि तुम्ही ते मानलेत. मग बाळाला आईचा चीक पिळून टाकून मध-साखर का चाटवता? पहिल्या तासात आईचे दूध, पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. नाळेवर शेण, राख, हळद, तेल काही लावू नये, ती कोरडी ठेवावी. पहिल्या दिवशी आंघोळ नको. पुसून, आईच्या छातीशी धरून उबेत ठेवावे.

आता माझ्या मुलीचे सांगून थांबतो. तिची तारीख आम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने लिहिली होती. कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी अर्ध्या तासात दारात आली. आई तिच्याजवळ होती. पुष्कळ वेळ गेला, शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन करावे लागेल. मुलीने चारही प्रश्न विचारले. थांबता येईल का, या प्रश्नाला त्यांनी सांगितले, "बाळाचे ठोके उतरू लागलेत, आता थांबणे बरे नाही." मुलगी म्हणाली, "मग करा." कागदावर सही तिने स्वतः केली.

म्हणजे आईचे ऑपरेशन झाले तसे लेकीचेही झाले. पण ती बाहेर आली ती हसत, आणि तिच्या आईने माझ्याकडे एकदा पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला.

तुमच्या घरात कोणाला दिवस गेले असतील, तर आज संध्याकाळी एवढे करा. तिला जवळ बसवून तारीख विचारा, आणि सर्वांना दिसेल अशा ठिकाणी ती लिहून ठेवा.