खाडीच्या तळाची नोंदवही

ठाणे-भिवंडी मार्गावरील काल्हेर हे गाव आज प्रामुख्याने आपल्या गोदामांसाठी ओळखले जाते. परंतु या गावाची जुनी ओळख आहे ती उल्हास नदीच्या खाडीकाठचे गाव म्हणून. सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावलेली ही नदी कल्याणनंतर भरती-ओहोटीच्या पाण्याशी एकरूप होते आणि काल्हेर, कोलशेत, घोडबंदर या गावांना स्पर्श करीत वसईजवळ समुद्रास मिळते. या खाडीतील बोय, शिंगाळा, जिताडा, निवटी, कोळंबी आणि चिंबोरी यांचा परिचय काठावरील आगरी-कोळी समाजास पिढ्यान्‌पिढ्या आहे. मात्र ज्यांच्या आधारावर ही मासळी जगते, ते तळाच्या चिखलातील सूक्ष्म कवचधर जीव सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. या जीवांची ओळख पटविणे आणि त्यांची पद्धतशीर नोंद ठेवणे, हे खाडीच्या भवितव्याच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे कार्य होय.

चिखलातील रहिवासी

खेकडा आणि कोळंबी ज्या वर्गात मोडतात, त्याच कवचधर वर्गातील हे जीव बहुधा काही मिलिमीटर लांबीचे असतात. जाळ्यात सापडणारा जवळा लहान असला तरी तो पाण्यात पोहणारा आहे. येथे विचार करावयाचा आहे तो तळवासी जीवांचा. त्यांचे काही प्रमुख गट आहेत. अँफिपोडा गटातील प्राणी दोन्ही बाजूंनी चपटे असून एका कुशीवर सरपटतात व उड्या घेतात. आयसोपोडा गटातील प्राणी वरून-खालून चपटे असतात. त्यांपैकी स्फेरोमा हा प्राणी अंगाची गोळी करतो आणि तिवरांची मुळे व लाकडी खांब पोखरतो. क्युमेशिया गटातील प्राण्याचा पुढील भाग फुगीर व शेपटी बारीक असल्याने तो स्वल्पविरामाच्या चिन्हासारखा दिसतो. टॅनेडेशिया गटातील प्राण्यांच्या पुढील पायांना चिमुकल्या नांग्या असतात आणि त्यांतील अनेक जाती स्वतः बांधलेल्या नळीत राहतात.

एक गोष्ट या चारही गटांस समान आहे. मादी आपली अंडी वक्षाखालील पिशवीत सांभाळते आणि पिले तेथूनच बाहेर पडतात. कोळंबीप्रमाणे पाण्यावर दूरवर वाहत जाणारी अळीची अवस्था यांच्यात नसते. त्यामुळे एखाद्या ठिकाणचे हे जीव नष्ट झाले, तर ती जागा दुरून आलेल्या पिलांनी सहज भरून निघत नाही. अँफिपोडा गटातील अनेक जाती तेल व विषारी द्रव्ये यांना फार लवकर बळी पडतात. त्याच जागी सांडपाणी सहन करणाऱ्या काही कृमींची संख्या मात्र वाढते. म्हणूनच जगभर तळाच्या आरोग्याची परीक्षा करताना या जीवांची गणना केली जाते.

नमुना ते नाव

या कामाची पद्धत वर्णन करण्यास सोपी, परंतु आचरणास चिकाटीची आहे. होडीतून दोन जबड्यांचे ग्रॅब नावाचे उपकरण सोडून तळाचा ठराविक क्षेत्रफळाचा चिखल वर काढतात. हे क्षेत्रफळ ०.०४ चौरस मीटर असेल, तर मिळालेल्या संख्येस २५ ने गुणून एका चौरस मीटरमधील संख्या काढता येते. चिखल अर्धा मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून धुतात. चाळणीवर उरलेले जीव फॉर्मेलिनमध्ये जतन करतात आणि ते चटकन दिसावेत म्हणून गुलाबी रंगद्रव्याचा उपयोग करतात. ज्या नमुन्यांची आनुवंशिक तपासणी करावयाची असेल, ते फॉर्मेलिनऐवजी तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावे लागतात. कारण फॉर्मेलिनमुळे त्यांतील डीएनए खराब होतो.

खरी कसोटी लागते ती सूक्ष्मदर्शकाखाली. जातीची निश्चिती आकारमानावरून वा रंगावरून होत नाही. मुखावयव, पकड घेणारे पाय, शेपटीकडील उपांगे, त्यांवरील काटे व केस यांची एकेक करून पाहणी करावी लागते आणि आकृत्या काढाव्या लागतात. अनेकदा केवळ प्रौढ नरावरूनच जात सांगता येते. क्वाड्रिव्हिझिओ बेंगालेन्सिस या अँफिपोडाचा प्रत्येक डोळा दोन भागांत विभागलेला असल्याने तो चार डोळ्यांचा भासतो आणि त्याच्या नावातही तोच अर्थ आहे. परंतु इतकी ठळक खूण फार थोड्या जातींना लाभली आहे.

आपल्या देशात या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावरील निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड अल्कॉक यांनी भारतीय समुद्रांतील कवचधरांचा अभ्यास केला. चिल्का सरोवरातील अँफिपोडांचे वर्णन चार्ल्स चिल्टन यांनी १९२१ साली प्रसिद्ध केले, तर के. नागप्पन नायर यांनी १९५९ साली मद्रास किनाऱ्यावरील अँफिपोडांचा ग्रंथ सिद्ध केला. १९१६ साली स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था आणि १९६६ साली स्थापन झालेली गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांनी हे कार्य पुढे नेले आहे. तरीही उष्ण कटिबंधातील नमुन्यांना युरोपीय समुद्रांतील जातींची नावे देण्याचा मोह अभ्यासकाने कटाक्षाने टाळावयास हवा. जगात अँफिपोडांच्या दहा हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. जवळचे दिसते ते नाव देऊन मोकळे होणे म्हणजे येथील खऱ्या जातीस नोंदीतून वगळणे होय.

नोंद कशी असावी

नुसते नाव म्हणजे नोंद नव्हे. नमुना घेतल्याचे अक्षांश-रेखांश, दिनांक, भरती वा ओहोटीची वेळ, खोली, पाण्याची क्षारता, चिखलाचा प्रकार, चाळणीच्या छिद्रांचे माप, जीवांची संख्या आणि ओळख पटविणाऱ्याचे नाव या सर्व गोष्टी तीत असाव्या लागतात. शिवाय प्रत्येक जातीचा नमुना क्रमांक देऊन संग्रहालयात जतन केला पाहिजे, म्हणजे पुढील पिढीस ती ओळख पडताळून पाहता येईल. काल्हेरसारख्या ठिकाणी पावसाळ्यात नदीच्या गोड्या पाण्याचा लोंढा येऊन क्षारता झपाट्याने घटते आणि उन्हाळ्यात ती पुन्हा वाढते. साहजिकच एका ऋतूतील नमुन्यांवरून काढलेला निष्कर्ष अपुरा ठरतो. पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात व नंतर अशी तिन्ही वेळा पाहणी आवश्यक आहे.

आजच का?

उल्हास खोऱ्यातील बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली या औद्योगिक व नागरी वसाहतींच्या सांडपाण्याचा भार या खाडीवर पडत आला आहे. रेतीच्या उपशाने तळ खरवडला गेला आहे. आता आणखी एका बदलाची चाहूल लागली आहे. कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला असून, जलवाहतुकीसाठी योजिलेल्या जेट्टींच्या स्थानांत काल्हेरचा समावेश आहे. रस्त्यांवरील कोंडी पाहता जलमार्गाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु जहाजांसाठी गाळ काढावयाचा, तर तळवासी जीवांचे घरच हलविले जाणार आहे. गाळ काढण्यापूर्वी तेथे काय होते याची नोंद नसेल, तर नंतर काय गेले आणि काय परत आले, हे कोणासच सांगता येणार नाही. मासळी घटल्याची मच्छीमारांची तक्रार खरी असली, तरी तिला पुराव्याचे बळ मिळणार नाही. उलटपक्षी, कामाची आखणी योग्य झाली असेल, तर तेही सिद्ध करता येणार नाही.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. या नोंदवहीत वृक्ष, पक्षी व मासे यांच्या जोडीने खाडीच्या तळासही एक पान मिळावयास हवे. जातीची निश्चिती हे तज्ज्ञांचे काम असले, तरी चिखल कोठे मऊ आहे, कोठे रेताड आहे, कोणत्या महिन्यात कोणती मासळी कोठे चरावयास येते, हे ज्ञान काठावरच्या होडीवाल्याकडेच आहे. नमुना घेणे, चाळणे व प्राथमिक वर्गवारी करणे ही कामे परिसरातील महाविद्यालयांचे विद्यार्थी मार्गदर्शनाखाली करू शकतील.

खाडीतून येणारे उत्पन्न बाजारात मोजले जाते. त्याचा पाया मात्र चिखलात आहे. तो पाया मोजून ठेवण्याची योग्य वेळ गाळ काढणारे यंत्र खाडीत उतरण्यापूर्वीचीच आहे.